आंबिवलीहून कोपरास मोटार बिनओरखडा आणिली त्याची हकीकत

मोटारीच्या बॉनेटावर खळगा पडला. हे वाक्य लिहिलेच गेले नाही ऐसे समजोन पुढील मजकूर वाचावा. मोटार जैसी होती तैसी कोपर मुक्कामी दाखल जाहली.

राजश्री त्र्यंबकराव, बँकेतून निवृत्त, मुक्काम कोपर. यांचे कैलासवासी सासऱ्यांची साठ सालची काळी मोटार आंबिवलीस परशुराम पाटील याचे शेडीत कैक वर्षे बेवारस पडली होती. याच मोटारीत सौभाग्यवती प्रमोदिनीबाई बापाचे मांडीवर बसोन स्टिअरिंग फिरविणे शिकल्या, आणि 'पुढच्या महिन्यात नेतो' ऐसा करार करोन ती शेडीत टाकणारे खुद्द त्र्यंबकराव. मग खबर आली की उद्या जेसीबी शेड जमीनदोस्त करणार, आणि बाईसाहेबांनी फर्मान काढिले की, बाबांच्या गाडीला एक ओरखडा जरी आला तरी या जन्मी तुमच्याशी बोलणार नाही. त्र्यंबकराव बहुत घाबरे जाहले, कारण थोरल्या नणंदेशी बाईसाहेब लोणच्याची बरणी फुटल्यापासोन अद्याप बोललेल्या नाहीत.

मग त्र्यंबकराव, आणि कन्या क्षिप्रा, जी घरून काम करिते म्हणोन सदैव मोकळी गणली जाते, आणि घरातील तमाम गोधड्या, ऐसे लष्कर भाड्याच्या ट्रकातून आंबिवलीवर चालोन गेले. दरवाजा उघडिला तो मागील सीटवर परशुरामाची गावठी कोंबडी अंडी उबवीत किल्ला लढवीत होती. परशुरामाची कारभारीण नंदाबाई हिने हुकूम सोडिला, "कोंबरी उठवाची नाय. गाडी नेवाची त न्या, पन तिला हात लावाचा नाय."

क्षिप्रा बोलिली, "बाबा, मग तिलापण घेऊन जाऊ ना. सिंपल आहे."

तह जाहला. पिले निघताच मायलेकरांस सन्मानाने माघारी पोचवावे ऐसे ठरले, आणि आकड्याने ओढिता रंग जाईल म्हणोन मोटार हातांनी ढकलोन ट्रकावर चढविली, आणि गोधड्यांत गुंडाळोन कल्याणाकडे कूच केले. पत्रीपुलावर वाहतुकीने वेढा घातला. एक रिक्षावाला डोकावोन पुसता जाहला, "काका, वरात कोणाची? नवरी कुठाय?"

"आत बसलीय. अंड्यांवर," क्षिप्रा बोलिली.

कोपरास सोसायटीचे फाटकात मोटार उतरविली, गोधड्या काढिल्या, आणि त्र्यंबकरावांनी चष्मा पुसोन अंगअंग तपासिले. ओरखडा नाही. मग बाईसाहेब ताट घेऊन आल्या, कुंकू लाविले, चाकाखाली लिंबू ठेविले आणि नारळ उचलिला. परंतु नव्या लाद्यांवर नारळ फोडण्यास कमिटीची सक्त मनाई, सबब बाईसाहेबांनी तो बंपरावर हाणिला. "जुनं लोखंड आहे, काही होत नाही याला," ऐसेही वदल्या. बंपर अभंग राहिला. नारळही अभंग राहिला, उसळला, आणि बॉनेटावर उतरला.

अवघे लष्कर कबुतरे पाहू लागले. बाईसाहेब त्या जागेवरोन बोट फिरवीत उभ्या राहिल्या.

त्र्यंबकराव हळूच बोलिले, "ती खळी पहिल्यापासूनच आहे गं."

"हो," बाईसाहेब बोलिल्या, "बाबांच्या वेळची," आणि दार उघडोन स्टिअरिंगवर बसल्या. मागे कोंबडी होतीच. फत्ते जाहली.

तरी कल्याणचे परिवहन दफ्तरास विनंती की, सदर मोटारीचे नोंदणीपुस्तकी 'ओळखखूण: बॉनेटावर खळी, जन्मापासोन' ऐसा दाखला साठ सालचे तारखेने चढवावा, आणि आसनक्षमता माणसे चार, कोंबडी एक, अशी दुरुस्त करोन मिळावी.