धम्मपालकाकांची चढाई

धम्मपाल जाधवांचं डोकं मैदानात आणि बाकीचा देह लालबागच्या गल्लीत, अशी गत झाली त्याला कारण त्यांची नात मनाली. जिल्हा संघाची निवड तोंडावर आलेली, आणि पोरगी चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींना हुलकावण्या देत कबड्डीचा सराव करत होती. कारण मैदानाला रातोरात पत्रे लागले होते. पत्र्यांवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत 'पारदर्शक कारभार' असं रंगवलेलं. आत पार्किंग होणार की टॉवर, कुणाला पत्ता नाही. वॉर्ड ऑफिसात विचारावं, तर ते म्हणत, कळवू.

काका एके काळी मिलच्या संघातून चढाई करायचे. असा माणूस 'कळवू'वर किती दिवस काढणार? सकाळी दोन पत्र्यांच्या जोडावरचा बोल्ट सैल दिसला. त्यांनी पत्रा वाकवून फट मोठी केली आणि डोकं आत घातलं. जाताना कान गुमान मागे दुमडले. येताना मात्र आडवे आले.

"काका, काय दिसतंय?" मागून शेजारच्या स्वप्नीलने विचारलं.

"काय नाय."

खरंच काही नव्हतं. गुडघाभर गवत, एक उलटी पडलेली खुर्ची आणि तिच्या पायावर निवांत बसलेला कावळा. पण हे मानणार कोण? काहीच नाही तर पत्रे कशाला मारले, असं म्हणत माणसं जमत गेली. बघता बघता गल्ली भरली. काका सगळं बघतात पण बोलत नाहीत, म्हणजे बिल्डरने त्यांना खिशात घातलंय, असंही ठरून गेलं. जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस, आणि मान अडकल्यावर त्याच्यावर हा आळ! काय बोलायचं सांगा.

स्वप्नीलने आणखी दोघांना घेऊन त्यांचे पाय धरले आणि ओढायला सुरुवात केली. आजवर काकांचे पाय विरोधी संघानेच धरले होते, आज घरच्याच माणसांनी धरले. मान लांबली, पण सुटली नाही.

तेवढ्यात समोरच्या मसाल्याच्या गिरणीतून शेवंती तेलाची वाटी घेऊन धावत आली. बिचारीचा जीव मोठा. फटीतून बोटं घालून तिने काकांचे दोन्ही कान मायेने चोळले. मिरचीचे हात धुवायचे राहिलेत, हे आधी काकांना कळलं. "मेलो गं" असं ते आतून ओरडले, ते बाहेर ऐकू आलं "गेलं गं". मैदान गेलं म्हणून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणीतरी ऑफिसला फोन करून सांगितलं की, एक म्हातारा मैदानासाठी जीव देतोय.

मग मात्र ऑफिस हललं. हितेंद्र चुरी नावाचे साहेब अग्निशमनवाल्यांना घेऊन आले. गेटची किल्ली कंत्राटदाराकडे आणि कंत्राटदार कोण ते फाईलमध्ये, त्यामुळे तेही बाहेरच. शेवटी ते काकांच्या कमरेपाशी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "काका, आत काय चाललंय हो?"

"साहेब, तुम्ही मला विचारताय?"

"फाईल वर गेलीय. आम्हाला तरी कोण सांगतं?"

हे ते इतक्या खरेपणाने बोलले, की कान जळत असतानाही काकांना त्यांची कीव आली. त्यांनी गवत, खुर्ची, कावळा, सगळं नीट सांगितलं आणि साहेबांनी ते मन लावून ऐकलं.

पत्रा कापला, काका सुटले. लोकांनी आत पाहिलं आणि माना खाली घातल्या. स्वप्नील काकांसाठी चहा घेऊन आला. मनाली त्या भगदाडातून आत शिरली, माती कपाळाला लावली आणि टाचेने मधली रेघ ओढली. तिच्यामागे चाळीतल्या पोरी घुसल्या. काकांचे डोळे भरून आले. मिरचीच तिखट होती, असं त्यांनी शेवंतीला सांगितलं.

साहेब भगदाडाकडे बघत डोकं खाजवत होते. "नवीन पत्रा बसवायचा तर मंजुरी लागेल. प्रस्ताव वर पाठवावा लागेल."

"वर म्हणजे, मैदानाची फाईल गेलीय तिकडेच?"

"तिकडेच."

कान चोळता चोळता काका थांबले. आत मनालीचा दम घुमत होता.

"मग पाठवा की, साहेब," ते म्हणाले. "आजच पाठवा."