बोगनवेलीच्या वेढ्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस साक्ष ठेवोन लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, माघमासी, गच्चीचे राज्यावर मातुश्री म्हाळसाबाईसाहेब यांचा अंमल चालत होता. जास्वंद, अनंत, कर्दळ ऐसे मानकरी आपापले कुंडीत सुखरूप होते. आणि एक बोगनवेल मात्र नुसती पाने मिरवीत राहिली, फूल म्हणोन देईना. तेव्हां धाकटे दीर नारोपंत भर पंक्तीत बोलिले, "वहिनी, होळीस फुलली तर तुमची. न फुलली तर उपटून तेथे सौरबंब बसवितो." बाईसाहेबांस शब्द झोंबला आणि त्यांनी विडा उचलिला. मग हुकूम जाहला की, वेलीस वेढा घालावा, पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये. ही जात तहानेवाचोन फुलत नाही.

ऊन कडक पडिले आणि तरी पाने टवटवीत! बाईसाहेबांनी मातीत बोट खुपसले तो ओल. संशय धाकट्या जाऊ उमाबाई यांजवर गेला, त्या म्हणाल्या, "मज काय पुसता? देवपूजा कोण करितो ते पाहा की!" मग सकाळी दबा धरिला आणि पाहतात तो नारोपंत सोवळ्याने देवांचे अंघोळीचे पाणी त्याच कुंडीत ओतीत आहेत.

"भावोजी, वैऱ्यासच रसद?"

"देवाचे पाणी, वहिनी! मोरीत का टाकू?"

"कर्दळीस घाला. ती कितीही पिते."

मग वेढा खरा बसला. पाने मलूल जाहली आणि गळाली आणि काटे तेवढे राहिले. उमाबाई तांब्या घेऊन धावल्या, "बाईसाहेब, मरेल हो!" बाईसाहेबांचेही काळीज हलले, परंतु नखाने साल खरवडिली, आंत हिरवे दिसले, आणि "मागे व्हा," म्हणोन गर्जल्या. त्या दिवशी त्यांस घास गोड लागला नाही.

होळीचे सकाळी नारोपंत पहार घेऊन चढले. शेंड्यास किरमिजी झुपका आला होता. पंत हसोन म्हणाले, "हे फूल नव्हे, वहिनी. पान रंगले आहे."

"रंगते ते पानच. फूल आंत असते, पांढरे, टिकलीएवढे. चष्मा लावा आणि वाका."

पंतांनी पहार भिंतीस टेकिली, चष्मा लाविला आणि वाकले. बराच वेळ वाकोनच राहिले.

येणेप्रमाणे वेढा उठला, वेलीस घागरभर पाणी पोहोचले आणि सौरबंब न्हाणीघराचे छपरावर गेला. घडले तैसे लिहिले. पदरचे काही घातले नाही.