टाकीची रीतभात

त्या दिवशी टाकी भरून वाहिली आणि जिल्ह्याचे प्रमुख, वालीसाहेब, डोक्यापासून वहाणांपर्यंत भिजले. पण असं काही झालंच नाही, असं पाणीखात्यात ठरलंय. तेव्हा आपणही झालं नाही असंच समजून पुढे जाऊ.

रय्याने ओमानच्या डोंगरातले सहा पंप आणि एक टाकी यांचं बोलणं एकाच रेडिओ लाइनवर बसवलं होतं. एका वेळी एकानेच बोलायचं, तेही थोडक्यात. "टाकी?" "अर्धी." संपलं. अर्धी लाइन तिने अडीअडचणीसाठी मोकळी ठेवली होती, आणि तो मोकळेपणा ती येणाऱ्याजाणाऱ्याला नव्या घराच्या दिवाणखान्यासारखा दाखवायची. लाइनच्या उद्घाटनात वालीसाहेब खूश झाले तर लाइन तिच्याकडे राहणार होती. नाहीतर मस्कतची एक कंपनी टपूनच बसली होती.

केंद्रप्रमुख झहरानकाकांनी हे बोलणं उमटणाऱ्या पडद्याकडे बघून नाक मुरडलं. "सलाम नाही, दुआ नाही, थेट 'टाकी?' पोलीस चौकी आहे का ही?"

"काका, यंत्रं आहेत ती."

"ओमानचीच ना? अर्धी लाइन रिकामी म्हणून मिरवतेस, आणि एका सलामाला जागा नाही?"

हे वर्मी लागलं. रय्याने निरोपांत सलाम घातला.

"नुसता सलाम? तब्येत कोण विचारणार, बातमी कोण विचारणार?"

मग तब्येत आली, घरच्यांची खुशाली आली. "काही बातमी?" असं विचारल्यावर "बातमी नाही, देवाची कृपा" हे तर आधी म्हणायचंच असतं, खरी बातमी त्यानंतर. शिवाय पंपाने टाकीला विचारलं आणि शेजारच्या पंपाला नाही, तर तो काय म्हणेल? सगळे सगळ्यांना विचारू लागले. टाकीच्या आधी लाइन भरली.

उद्घाटनाला वालीसाहेब टाकीखालच्या मांडवात कहवा घेत पडदा वाचत होते. "वा! पंप तीन पंप पाचच्या मुलाबाळांची चौकशी करतोय!"

"मोठ्या घरचा आहे, साहेब," काका म्हणाले.

टाकीची पाळी आली. 'तब्येत उत्तम. घरचे मजेत.' वर खळखळ ऐकू आली. 'बातमी नाही, देवाची कृपा.'

"अगं बाई, बोल ना लवकर," रय्या पुटपुटली.

धो धो पाणी कोसळलं. हलवा ताटासकट तरंगत निघाला. मग पडद्यावर उमटलं: 'एवढंच, की मी भरत आलेय.'

रय्याने धावत जाऊन पंप हाताने बंद केले. ती मांडवात परत आली. काका पुढे झाले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "साहेब, काय बातमी?"

वालीसाहेबांच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं. "बातमी नाही," ते म्हणाले. "देवाची कृपा."

आता खरी बातमी येणार म्हणून रय्याने श्वास रोखला. वालीसाहेबांनी पाण्याने भरलेला कहव्याचा पेला, आता पुरे, अशा खुणेने हलवून परत केला आणि पचपच वाजणाऱ्या वहाणांनी, ताठ मानेने गाडीत जाऊन बसले. वालींनीच बातमी नाही म्हटल्यावर कंपनीला बोलावणार तरी कशासाठी? लाइन रय्याकडेच राहिली.

"बुडता बुडता रीत सोडली नाही पोरीने!" काकांनी टाकीवर थाप मारली.

"आणि काका, एकही निरोप गहाळ झाला नाही," रय्या मान ताठ करून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने खात्याला लिहिलं: 'सेवेशी सादर विनंती की, सदर टाकीस, ती वाहू लागल्यास (असा प्रसंग आजवर घडलेला नाही), सलामाआधी तसे सांगण्याची विशेष सवलत मिळावी.'