गरिबीची पाहणी

नदीच्या राजघाटाजवळ एका खोलीत राहणाऱ्या मालूबाईंकडे मंगळवारी सरकारी साहेब यायचे होते. मुलगी कमल हिला इंदूरला चित्रकला शिकण्यासाठी शिष्यवृत्ती हवी होती, आणि घरची परिस्थिती खरोखर हलाखीची आहे का, हे साहेब डोळ्यांनी पाहणार होते. पहिला अर्ज मराठीत, तेव्हाच्या राजधानीला, नागपूरला गेला आणि मधेच राज्यांची फेररचना होऊन गावाची राजधानी भोपाळ झाली. मग कमलच्या शाळेतल्या अनंत मास्तरांनी दुसरा हिंदीत लिहून भोपाळला धाडला. एवढं करून शिष्यवृत्ती हुकली, तर कमलने आईबरोबर जैनाबादला केळीच्या मळ्यात मजुरीला जायचं हे ठरलेलं होतं.

मास्तरांनी बजावलं होतं, घर आहे तसंच ठेवा. मालूबाईंनी मान डोलावली. पण घरी पाहुणा येणार आणि घर आहे तसं ठेवायचं, हे त्यांच्या मनाला पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी शेजारपाजारी फिरून कौतिककडून भिंतीवरचं घड्याळ आणलं, धुरपदाबाईंकडून खुर्ची आणि सुकलालकडून रेडिओ. घरात वीज नव्हती, पण रेडिओ नुसता ठेवला तरी शोभतो. आदल्या दिवशी त्यांनी खोलीला चुनाही दिला होता. कागद परवडत नाही म्हणून कमल भिंतीवरच कोळशाने चित्रं काढायची. ती नदीवरून धुणं घेऊन परतली, तोवर तिची तीन वर्षांची चित्रं पांढरीशुभ्र झाली होती.

मंगळवारी मास्तर साहेबांना घेऊन आले. साहेब खुर्चीवर बसले आणि एकेक वस्तू कागदावर उतरवू लागले.

"ये सब आपका है?"

"तं काय, आमचंच हाय," मालूबाई म्हणाल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

मग साहेबांनी मुलीची चित्रं दाखवायला सांगितलं. मास्तरांनी सवयीने भिंतीकडे बोट केलं, आणि ते बराच वेळ तसंच राहिलं. साहेबांनी कागद मिटला.

तेवढ्यात कमल चुलीजवळचा कोळसा घेऊन भिंतीशी गेली. मालूबाई तिला आवरत होत्या, पण साहेबांनी हातानेच त्यांना थांबवलं. पंधरा मिनिटांत भिंतीवर माणसांची रांग उभी राहिली. एकाच्या काखेत घड्याळ, एका जाड बाईच्या डोक्यावर खुर्ची, एकाच्या कडेवर रेडिओ. सगळे दाराबाहेर चाललेले. साहेबांनी चित्र पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. तिथे तीच माणसं आपापल्या वस्तूंवर नजर ठेवून उभी होती.

चित्राच्या टोकाला एक बाई उघड्या जमिनीवर बसली होती.

"और ये कौन?"

"ही माय," कमल म्हणाली. "समदे गेल्यावर."

साहेब खुर्चीवरून उठले, जमिनीवर बसले आणि लिहिलेली यादी खोडू लागले. मालूबाईंना आधी लाज वाटली, मग मुलीचा राग आला, मग भिंतीवरच्या स्वतःकडे पाहून रडूच आलं. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "साहेब, गरीब लिवा. पन चहा पेल्याबिगर जाऊ नका."

आणि साहेबांच्या देखतच दारातल्या आणखी एका शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "भागाबाई, वाटीभर साखर आन वं."