पायी चालणारे ड्रायव्हरमामा

आमचे शेजारी वाघमारेमामा पायी चालतानाही हात दाखवून वळायचे. पालमच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आले की गल्लीच्या तोंडाशी उजवा हात सरळ बाहेर निघायचा, मान मागं फिरायची आणि मगच मामा वळायचे. मागं बहुतेक वेळा एखादी शेळी असायची. तिलाही सांगायचे, “थांब जरा. मी वळायलोय.”

उभी हयात एसटीवर ड्रायव्हरकी केलेली. रिटायर झाले, पण रस्ता सुटला नाही. कुणी मोटारसायकलला किक मारली की मामा हजर. “वहिनी, पदर आवरा, चाकात जातोय.” बैलगाडी दिसली की, “मागं चमकपट्टी कुठाय? अंधारात कोन वळखतंय तुमाला?” गल्लीतल्या एका नवरदेवाला त्यांनी आहेरात हेल्मेट दिलं आणि वरातीतच घालायला लावलं. तो म्हणाला, “मामा, मी घोड्यावर हाय.” मामा म्हणाले, “मग? घोडं काय वाहन न्हाई?”

मी शाळेत शिक्षक. मास्तरांच्या खोलीत मी मामांची नक्कल करायचो. लय हुबेहूब जमायची.

एका रविवारी मी आणि सुनीता, माझी बायको, गाडीवर बाजाराला निघालो. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, तिच्या नव्हतं. मामांनी येऊन हँडलच धरलं.

“सर, वहिनीला हेल्मेट?”

“जवळच तर जायचंय, मामा.”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. “उतरा, वहिनी. उतरा म्हनतो ना!”

गल्लीतले लोक बघायला लागले. मला राग आला. “मामा, तुमी रिटायर झालात. आता रस्ता तुमच्या ताब्यात न्हाई!”

लोक हसले. मामांनी हँडल सोडलं आणि बाजूला झाले. आम्ही सुखरूप जाऊन आलो. परतताना मी मुद्दाम त्यांच्या दारासमोर हॉर्न वाजवला.

त्यानंतर मामा मला काही बोलले नाहीत. माफी मागावी असं रोज वाटायचं, पण रोज काहीतरी निघायचं.

महिनाभरानं त्यांची मुलगी वालूरहून त्यांना कायमचं न्यायला आली. सुनीता निरोपाचा डबा द्यायला गेली आणि परतली ती डोळे पुसतच. आम्ही या गल्लीत येण्याआधी मामी गेल्या होत्या, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या मामांच्याच मोटारसायकलवरून पडून गेल्या होत्या, हे आज मुलीनं सुनीताला सांगितलं. आडवं कुत्रं आलं, मामांनी ब्रेक मारला. मामा वाचले, कारण हेल्मेट त्यांच्या डोक्यावर होतं. निघताना मामींनी विचारलं होतं, “मला न्हाई का?” तेव्हा मामा हसून म्हणाले होते, “जवळच तर जायचंय. अन् चालवनारा मी हाय.”

मी तसाच स्टँडकडं पळालो. गाडी लागली होती. मामा खिडकीशी बसले होते, मुलगी पलीकडं. मी खिडकीचा गज धरला.

“मामा, त्या दिवशी मी...”

गाडी हलली. मी गज धरून तसाच सोबत चालू लागलो. मामांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू.

“मागं व्हा, सर. चाकाजवळ उभं राहू नये.”

मी मागं झालो.