झाकणाखालचा कोळसा

भावी जावयाने खिशातून रुमाल काढला आणि त्याबरोबर चंदेरी कागदात गुंडाळलेली एक नळकांडी सोफ्यावर पडली. मुलीच्या वडिलांनी ती झडप घालूनच उचलली. अग्निशमन दलात साहेब म्हणून हयात गेलेली. संशय घेण्याचाच पगार खाल्लेला. कागद सोलला, तर आत काळ्याकुट्ट चकत्या.

"हुक्का ओढता?"

"नाही हो काका. मी हा कोळसा बनवणाऱ्या कारखान्यात केमिस्ट आहे. नमुना आहे तो."

"केमिस्ट खिशात कोळसा घेऊन लग्नाची बोलणी करायला येतो?"

"कामावरून थेट आलो ना."

मुलीने आईकडे पाहिलं, आईने छताकडे. मुलगा तसा सगळ्यांना पसंत होता. पण खोटारड्याला मुलगी देणार नाही, असं साहेबांनी सकाळीच ठणकावून सांगितलं होतं.

"मग सांगा, काय असतं यात?"

"कोळशाची पूड, ती धरून ठेवायला खळ, आणि सोरा. सोरा तापला की स्वतःच ऑक्सिजन सोडतो. म्हणून नुसती काडी लावली की ठिणगी सरसर पसरते, फुंकत बसावं लागत नाही. झाकलं तरी लगेच विझत नाही."

इथे साहेबांना चोर सापडला. "झाकलं तरी विझत नाही? अहो, हवा तोडली की आग मेली! पोरांच्या कित्येक तुकड्यांना शिकवलंय मी हे."

"काका, नको..."

साहेबांनी काडी ओढलीसुद्धा. स्वयंपाकघरातून आणलेल्या चिमट्यातल्या चकतीवर ठिणग्या तडतडत या कडेहून त्या कडेला धावल्या. त्यांनी ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली, झाकण गच्च दाबलं आणि मिशीवर हात फिरवला. हात मिशीवर असतानाच झाकण फटकन उडालं. डबा लवंडला, चकती घरंगळत गालिच्यावर गेली आणि तिथे मजेत जळत बसली. धूर छताला लागला. साहेबांनी स्वतः बसवलेला अलार्म बोंबलू लागला, शेजारी घाबरले, त्यांनी फोन केला आणि बघता बघता दारात लाल गाडी आली. गाडीत सगळे साहेबांचेच चेले.

तोवर जावयाने चकती चिमट्याने उचलून पाण्याच्या बादलीत बुडवली होती. पण साहेबांची उभ्या जन्माची अब्रू एका डब्यापायी जाणार होती.

"साहेब, तुमच्या घरी?" पथकप्रमुखाने डोळे बारीक केले. "कोणी पेटवलं हे?"

साहेबांनी रिकामा डबा पायाने सोफ्याखाली सरकवला.

"मी," भावी जावई म्हणाला. "काका नको नको म्हणत होते. मीच ऐकलं नाही."

पथकप्रमुखाने त्याला उभा-आडवा झापला. साहेब गंभीरपणे मान डोलावत राहिले.

गाडी गेल्यावर बायको त्यांच्या कानाशी लागली. "अहो, धडधडीत खोटं बोलला की तो! आता काय करायचं?"

"हो ना," साहेब कुजबुजले. "आणि पापणीसुद्धा लवली नाही गं त्याची. असला माणूस बाहेर मोकळा राहणं धोक्याचं. घरातलाच करून टाकू."