मास्तर मशीन नव्हते

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांकडे बढाई मारण्यासारखी गोष्ट एकच होती, पण ती त्यांनी हात आखडता न घेता वापरली होती. गाडी शिकायला आलेला माणूस पहिला गिअर टाकायच्या आत त्याला कळायचं, की शेजारी बसलेले हे दमलेले गृहस्थ एकेकाळी ड्रमर होते, आणि शहाऐंशी साली निघालेल्या त्या निळ्या कव्हरच्या सॉफ्ट रॉक अल्बमवर ड्रम वाजवणारे ते हेच!

"ऐकलाय का?" मास्तर विचारायचे. शिकणारा निमूटपणे हो म्हणायचा. दुसरा ब्रेक मास्तरांच्या पायाखाली असताना नाही कोण म्हणेल?

अल्बम होताही नावाजलेला, आणि कमालीचा गुळगुळीत. त्याच्या निर्मात्याला साफसफाईचं वेड. गायकाने श्वास घेतलेला ऐकू आला तरी तो ओरडायचा, "पुसा तो आवाज!" एकेक गाणं त्याने चाळीस-चाळीस वेळा वाजवून घेतलं होतं. शेवटी संगीत इतकं मऊ झालं, की लोण्याने लाजावं.

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले ते पार चिपाड होऊन. दिवसभरात एका काकूंनी एकाच भिंतीला रिव्हर्समध्ये तीनदा भेट दिली होती. मास्तर खुर्चीत टेकतात न टेकतात तोच सून मोबाइल घेऊन आली. तिला या घरात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, त्यामुळे सासऱ्यांच्या गोष्टी तिला अजून ऐकाव्याशा वाटत.

"बाबा, तुमच्या अल्बमवर श्रोत्यांची मतं सापडली! चारशे बारा आहेत! वाचू?"

"वाच की," मास्तर बेफिकीर चेहऱ्याने म्हणाले. खुर्ची मात्र वीतभर पुढे सरकली.

"'गायकाचा आवाज म्हणजे इस्त्री केलेली चादर.' 'गिटार अप्रतिम!' 'इतका गोड आहे की दात किडतील.' 'लग्न झाल्यावर वर्षभर आम्ही हाच ऐकत होतो. मग भांडायला लागलो.'"

"ड्रमबद्दल?"

सुनेने बोटाने यादी खाली सरकवली, पुन्हा वर आणली आणि मोबाइल पालथा धरला.

"वाच गं."

"कोणी 'कानसेन' म्हणून आहेत... ते म्हणतात, 'ड्रम मात्र मशीनचे आहेत. एवढं सगळं केलं, एक माणूस ठेवला असता तर काय बिघडलं असतं?'" आणि मग हळूच, "एकसष्ट जणांना पटलंय."

आतून मास्तरांची बायको हात पुसत बाहेर आली. "म्हणजे इतकी वर्षं मी मशीनशी संसार केला? मशीन असतं तर निदान कपडे तरी धुतले असते!"

मास्तरांना हसू आलं नाही. गेल्या अडतीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांना क्लच सोडायला शिकवलं, त्यातल्या एकाचंही नाव त्यांना आठवत नव्हतं. आपल्या हातची म्हणावी अशी एकच वस्तू या जगात उरली होती. तीही मशीनच्या खात्यात जमा! फार लागलं त्यांना ते.

दोन बोटांनी, पाऊण तास खपून, त्यांनी उत्तर लिहिलं: 'मी माणूस आहे. ड्रम मी वाजवले.'

उत्तरांची रीघ लागली. 'आजोबा, माणूस इतका बिनचूक वाजवूच शकत नाही.' 'कव्हरवर तुमचं नाव असेलही. बटणं दाबणाऱ्याचंही छापतात.' 'मग मीही चंद्रावर जाऊन आलोय!'

"बघ," मास्तर सुनेला म्हणाले, "एक चूक होऊ नये म्हणून जीव काढला, आणि आता चूक झाली नाही हाच गुन्हा!"

"आपण वाजवून दाखवू या, बाबा. व्हिडिओ टाकू!"

"अगं, ड्रम आहेत कुठे?"

रविवारी सकाळी सुनेने स्वयंपाकघरात मांडामांड केली. पालथी बादली, बिस्किटांचे दोन रिकामे डबे, आणि झांजेच्या जागी दोरीला टांगलेलं मोठ्या पातेल्याचं झाकण. मास्तरांनी बाह्या सरसावल्या. पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्या मिनिटाला मनगटाने संप पुकारला. तिसऱ्याला ठेका असा रेंगाळू लागला, जणू चढावर कोणी गिअरच बदललेला नाही! चौथ्याला दोरी तुटली. झाकण घरंगळत दारातून बाहेर पडलं आणि जिन्याच्या सगळ्या पायऱ्या मोजत खाली गेलं.

खालच्या मजल्यावरचे वकील ते हातात घेऊन वर आले. "काय चाललंय काय?"

"सिद्ध करतोय," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"झालं सिद्ध?"

मास्तरांनी झाकण तेवढं परत घेतलं. सुनेने मात्र व्हिडिओ वकिलांसकट चढवला. खरेपणा दिसावा म्हणून!

तासाभरात कानसेन हजर. 'बघा मंडळी! माणूस वाजवतो तेव्हा हे असं ऐकू येतं. आजोबांनी स्वतःच पुरावा दिला. अल्बमवर मशीनच आहे!' एकसष्टांचे एकशे नव्वद झाले.

मास्तरांनी नाद सोडला. गाडीत बढाई बंद झाली. शिकणाऱ्यांना वाटलं मास्तर आजारी आहेत. बुधवारी जेवता जेवता त्यांनी बायकोला विचारलं, "खरंच वाजवले होते ना गं मी?"

बायकोचा हात थांबला. थट्टा करायची सोय राहिली नव्हती. "वाजवले होतेत. बोटांना फोड यायचे तुमच्या. शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. रोज सकाळी मी लावून द्यायचे, ते काय मशीनला?" मग तिचा पारा चढला. "कोण तो कानसेन? सूनबाई, घे गं तो मोबाइल. लिही!"

सुनेने जसंच्या तसं लिहिलं: 'मी यांची बायको. बटणं मी लावलीत. तुझ्या कानात मळ असेल तर आधी काढ आणि मग पुन्हा ऐक.'

चार दिवस सामसूम. पाचव्या दिवशी सून जवळजवळ किंचाळतच आली.

"बाबा! कानसेनांनी माफी मागितली!" ती वाचू लागली. "'काकूंचा राग वाचून पुन्हा ऐकायला बसलो. अल्बम सतरा वेळा ऐकला. सहाव्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याआधी, ठेका केसभर अडखळतो आणि पुन्हा सावरतो. घरची आठवण आलेल्या माणसासारखा! मशीनला हे जन्मात जमणार नाही. आजोबा, चुकलो. तो एक क्षण म्हणजे या अल्बमचा जीव आहे.' बाबा, तीनशे जणांना पटलंय! थांबा, यांना फोन करते!" आणि ती नवऱ्याला कळवायला आत पळाली.

मास्तरांनी पेला खाली ठेवला. चेहरा मात्र काही फुलला नाही.

बायको जवळ सरकली. "अहो, सहावं गाणं म्हणजे... तुम्हाला कावीळ झाली होती तेव्हाचं ना?"

"हळू बोल!"

तेव्हाचंच होतं. मास्तर अंथरुणात हळदीसारखे पिवळे होऊन पडले होते, आणि निर्मात्याला थांबायला सवड नव्हती. त्याने कुठून तरी एक मशीन आणलं आणि ते एक गाणं उरकून टाकलं. वीज कमीजास्त झाली की ते मशीन अडखळायचं. श्वाससुद्धा पुसणाऱ्या त्या माणसाच्या कानातून तेवढी एक अडखळ सुटली. बाकी आठ गाण्यांत मास्तरांनी फोड आलेल्या बोटांनी केसभरही चूक केली नव्हती, म्हणून तिथे कोणाला माणूस सापडला नव्हता!

"बाबा, उत्तर द्या ना," सून परत आली. "सगळे वाट बघतायत!"

मास्तरांनी मोबाइल हातात घेतला. बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीकडे पाहिलं. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं:

'आभारी आहे. त्या दिवशी माझी तब्येत जरा बरी नव्हती.'